हाल्व ती

“दुपार डोक्यावर आली आणि ह्याचं अजून सकाळचंच चाललंय. रोज किल्ली खातंय, तरी मेलं मागंच.”

सरूबाई माझ्या तोंडावरची धूळ पदरानं पुसता पुसता असं पुटपुटायच्या. काचेला त्यांचं नाक लागेल इतक्या जवळ येऊन. मी ऐकून घेत असे. मला तोंड आहे, पण उलट बोलायची सोय नाही.

मित्रांनो, मी एक जुनं गजराचं घड्याळ आहे. डोक्यावर दोन घंटा, पाठीवर दोन किल्ल्या. हुबळीला गोकुळ रोडच्या मागच्या आळीत, एका दोन खोल्यांच्या घरात फळीवर बसून असतो. कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. आठवतं ते एकोणीसशे छप्पन्न सालचं नागपूर. सरूबाईंचे यजमान सत्याप्पा तिथं दीक्षा घ्यायला गेले होते. परतताना त्यांनी मला विकत घेतलं आणि सगळी वाट मांडीवर धरून आणलं. “आता आपलं सगळं नवं. वेळसुद्धा,” असं ते घरी येऊन म्हणाले.

सत्याप्पा रेल्वेच्या कारखान्यात कामाला होते. माझ्या गजरावर ते उठत आणि त्यांच्या पायरवावर आळी उठे. लोक दारात येऊन विचारत, “सत्याप्पा, किती वाजले?” तेव्हा माझी मान ताठ होई. ते वारले त्या दिवशीही मी एक मिनिट मागे पडलो नव्हतो.

त्यांचा मुलगा भीमराव गोकुळ रोडवरच्या कारखान्यात लेथवर काम करी. एकदा तिथं यंत्र बसवायला नॉर्वेचा एक माणूस आला. सहा महिने राहिला. भीमरावाचा हात बघून म्हणाला, आमच्या गावी बोटी बांधतात, तू ये. जाताना शब्दांचं एक लहान पुस्तक देऊन गेला. भीमराव आणि त्याची बायको कुसुमावती संध्याकाळी ते घेऊन बसत. कुसुमावती सातवीपर्यंत शिकलेली, पण शब्द तिलाच आधी पाठ होत.

“पाणी म्हणजे वान. धन्यवाद म्हणजे टाक. पाव म्हणजे ब्रॉ.”

“आणि सासूला गं?” सरूबाई चुलीपासून विचारत.

“स्वीगरमूर.”

“शिवी हाय का ही?”

“न्हाई आत्या, नातं हाय.”

“ऐकायला शिवीच वाटती. घराला काय म्हणत्यात?”

“येम.”

सरूबाईंचा भाकरी थापणारा हात थांबला. “यम? घराला यम म्हणणाऱ्या मुलखात माझं पोर धाडताय?”

दोघं पोट धरून हसली. सरूबाई हसल्या नाहीत.

मग वेळेचा पाठ आला. मला फळीवरून खाली घेतलं. “ती म्हणजे दहा, हाल्व म्हणजे अर्धा,” कुसुमावती म्हणाली. “म्हणजे हाल्व ती, साडेदहा.” भीमरावानं मान डोलावली.

“अर्धी ती?” सरूबाई म्हणाल्या. “उरलेली अर्धी कुठं ऱ्हाती मग?”

एकोणीसशे एकाहत्तर साली भीमराव निघाला. निघताना त्यानं मला हातात घेतलं आणि माझे काटे उलटे फिरवले. साडेचार तास मागे. “आई, आजपासून ह्यात माझी वेळ. मी उठलो का, जेवलो का, ते ह्यात बघ.” मित्रांनो, घड्याळाचे काटे कधी उलटे फिरवू नका. आत काहीतरी दुखावतं. त्या दिवसापासून मला नको ते ऐकू येऊ लागलं.

घर आता दोन वेळांत राहू लागलं. हुबळीची वेळ कारखान्याच्या भोंग्यावर आणि भीमरावाची माझ्यात. दुपारचं ताट वाढताना कुसुमावती माझ्याकडे बघून म्हणे, “आता कामावर पोचले असतील.” आणि किल्ली देता देता माझ्या काचेत बघून एकच वाक्य घोकी, “यै कॉमर.” म्हणजे मी येते.

दीड वर्षानं त्याचं पत्र आलं. जयभीम लिहून पुढं होतं, ‘कुसुम, दोघांपुरती खोली मिळते आहे. येणार असशील तर तुझं नाव घालतो. नाहीतर मी वर उत्तरेला बोटींच्या कामाला जाईन. पत्राला फार दिवस लागतात, म्हणून पुढच्या रविवारी शेजारी हेमावतीअक्कांकडे फोन करतो. इथल्या हाल्व ती ला. एवढंच सांग, येतेस की नाही.’

सरूबाईंचं काय करायचं, ते पत्रात नव्हतं.

कुसुमावतीनं माझ्यावर बोट ठेवून हिशेब केला. माझ्यात साडेदहा, म्हणजे हुबळीत दुपारचे तीन.

त्या रविवारी हेमावतीअक्का रायापूरला बहिणीकडे गेल्या होत्या. घराची किल्ली सरूबाईंकडे होती. कुसुमावती जेवणं उरकून दळण घेऊन गिरणीला गेली. “अडीचला येते, आत्या,” म्हणाली. नवं लुगडं नेसली होती, जणू फोनमधून दिसणार होतं.

दोन वाजले. माझ्यात साडेनऊ. भिंतीपलीकडे फोन वाजू लागला.

दोनदा वाजायचा, थांबायचा, पुन्हा दोनदा. सरूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग किल्ली घेऊन त्या उठल्या. फोन थांबला. आळीत तेव्हा दोघीतिघी उंबऱ्यावर बसल्या होत्या, त्यांनीही तो ऐकला, पण कुणाचा ते त्यांना ठाऊक नव्हतं. काय बोलणं झालं ते भिंतीनं माझ्यापर्यंत येऊ दिलं नाही. सरूबाई परत आल्या आणि निवडलेल्या तांदळातच पुन्हा खडे शोधू लागल्या.

कुसुमावती अडीचला आली, तीनपासून दिवेलागणीपर्यंत फोनपुढं बसली. फोन वाजला नाही.

उत्तरेहून भीमरावाचं एक कार्ड आलं. ‘इथं आता दोन महिने सूर्य उगवत नाही. ह्याला मॉर्केतीद म्हणतात. आईला जप.’ कुसुमावतीनं तीन पत्रं पाठवली. तिन्ही परक्या शिक्क्यांनी काळी होऊन परत आली. त्यापुढं भीमरावाचं काही कळलं नाही. तो कुठं असेल, असेल की नाही, हे घरात कुणी बोललं नाही. मला रोज किल्ली मिळत राहिली, एवढंच.

वर्षभरानं कुसुमावतीनं पुस्तकाची मागची पानं उघडली. तिथं घड्याळाचं चित्र होतं. काटे साडेनऊवर, आणि खाली लिहिलेलं, हाल्व ती. तिकडचे लोक पुढच्या दहाकडे बघून अर्धं मोजतात. तिनं पुस्तक माझ्यापुढं धरलं आणि बोट ठेवून पुन्हा हिशेब केला. हुबळीत दुपारचे दोन.

“आत्या, मीच चुकले. त्यांनी फोन केला असणार. मीच घरी नव्हते.”

“जाऊ दे,” सरूबाई म्हणाल्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

खरी गोष्ट पुढं आहे, मित्रांनो, आणि ती सांगताना माझे काटे जड होतात. त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी, माझ्यात साडेनऊ झाले की फोन वाजू लागला. गजर नव्हे. गजर मी ओळखतो, तो माझाच आहे. हा दोनदा वाजे, थांबे, पुन्हा दोनदा. मी ऐकत असे आणि सरूबाई ऐकत. कुसुमावती शेजारीच फाटकं लुगडं शिवत बसलेली असे, तिचा टाकासुद्धा चुकत नसे.

सरूबाईंनी मला गोधडीत गुंडाळलं. ज्वारीच्या डब्यात ठेवलं. एका रविवारी पकडीनं माझ्या घंटांमधली हातोडी उपटली. कुसुमावतीनं विचारलं तर म्हणाल्या, “सैल झाली होती.” पुढच्या रविवारी तो वाजलाच. हेमावतीअक्का उणकलला नव्या घरी गेल्या, फोनही घेऊन गेल्या. पलीकडची खोली कुलूपबंद पडली. रिकाम्या खोलीत तो जास्तच मोठ्यानं वाजे.

कुसुमावती मात्र सासूला विसंबली नाही. न्हाऊ घातलं, दात गेल्यावर भाकरी दुधात कुस्करून भरवली. आळीत बायका म्हणत, सून असावी तर अशी. ते ऐकलं की सरूबाई भिंतीकडे तोंड करत.

आता माझी काच तडकली आहे, एक पाय मोडून खाली पुठ्ठा लावला आहे. माझी विनंती एवढीच. तुमच्या घरातलं घड्याळ मागे पडलं तर त्याच दिवशी लावा. आणि कुणाचा निरोप तुमच्यापाशी राहिला असेल तर तोही त्याच दिवशी पोचवा. पंचवीस वर्षं तो घरात कसा वाजतो, ते मी ऐकलं आहे.

गेल्या रविवारची गोष्ट. सरूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत. कुसुमावती, तिचे केस आता माझ्या तबकडीहून पांढरे, त्यांच्या पायांना तेल चोळत होती. माझ्यात साडेनऊ झाले. पलीकडे वाजू लागला.

कुसुमावतीचा हात थांबला. तिनं भिंतीकडे मान वळवली.

“आत्या, फोन वाजतोय का कुठं?”

 सरूबाईंनी तिचं तेलकट मनगट धरलं.

“तुला बी ऐकू आला, व्हय?” त्या म्हणाल्या. “कुसुम, त्या दिवशी मी उचलला होता. त्यानं इचारलं, ती येती का. मी म्हटलं, न्हाई येत म्हणती.”