लाटेचा सिनेमा

सिस्टरच्या धाकट्या बहिणीला मुलगी झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. त्याच आठवड्यात डायलिसिसच्या खोलीत भिंतीवर टीव्ही बसला, म्हणून वर्ष पक्कं लक्षात राहिलं.

"सिस्टर, जरा बाजूला व्हा! दगड आला!"

ट्रकवाला ओरडला तेव्हा सिस्टर टीव्हीकडे पाठ करून चावीवाल्यांच्या हातातली सुई बघत होत्या. त्या दचकल्या नाहीत. टीव्ही लागल्यापासून दोन महिन्यांत हा दगड आकाशातून बारा वेळा तरी आला होता.

"येऊ दे. तुमच्या मशीनचे दोन तास बाकी आहेत अजून. जग बुडालं तरी तोवर मी कुणाला उठू देणार नाही."

"त्या दगडाला कुणीतरी सांगा हो," चावीवाले म्हणाले, "सिस्टरची परवानगी काढून मग ये म्हणावं."

मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सात ते अकरा अशी ही बॅच. खुर्च्या तीन. पहिलीत शिंपीणबाई. आयुष्यभर लोकांच्या मापाचं शिवलं, आणि आता दर दोन महिन्यांनी स्वतःचेच कपडे आत घ्यायच्या. दुसरीत ट्रकवाला. ट्रक सुटून चार वर्षं झाली होती, नाव सुटलं नव्हतं. तिसरीत, खिडकीजवळ, चावीवाले.

चावीवाले पाणीपुरवठ्यात होते. तीस वर्षं त्यांनी छातीएवढ्या उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकून गल्ल्या पालथ्या घातल्या. रस्त्यावरचं झाकण उचलायचं, चावी खाली घालायची, फिरवायची, की त्या गल्लीला पाणी. तासाभरानं परत येऊन बंद. बायका त्यांच्याशी गोड बोलायच्या आणि पाणी लवकर गेलं की पाठीमागून शिव्याही घालायच्या. आता त्याच माणसाला चहा, दूध, गोळीबरोबरचा घोट, सगळं धरून दिवसाला पाऊण लिटर पाणी. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, एका बाटलीवर लाल नेलपॉलिशनं रेघा ओढून दिल्या होत्या. सकाळी भरायची, दुपारपर्यंत ही रेघ, संध्याकाळपर्यंत ती. बाटली त्यांच्या कुशीत तान्ह्या पोरासारखी असायची.

पेनड्राइव्ह ट्रकवाल्याचा. त्यात नऊ सिनेमे, आणि नऊच्या नऊ आकाशातून दगड पडण्याचे. एकात माणसं वर जाऊन दगड फोडतात, एकात जमिनीखाली घरं बांधतात, एकात कुणालाच काही सुचत नाही. प्रत्येकात एक शास्त्रज्ञ, ज्याचं सुरुवातीला कुणी ऐकत नाही. ("आमच्या घरात तो मी," ट्रकवाला म्हणायचा.) प्रत्येकात एक कुत्रा, आणि तो काही केल्या मरत नाही. सगळ्यांत लाडका होता तो लाटेचा. त्यात दगड समुद्रात पडतो आणि पाणी उभं राहतं, दहा-वीस मजल्यांचं, आणि चालत शहरात येतं.

सिस्टरचा स्वभाव चौकस. त्यांना याचं कोडं पडलं होतं. ज्यांचा जीव दर दोन दिवसांनी या नळ्यांतून फिरून परत येतो, त्यांना सगळ्या जगाच्या मरणात एवढी गोडी कशाची? धडधाकट माणसं असले सिनेमे बघतात ते समजत होतं. त्यांना घरी जाऊन जेवायचं असतं. पण ही माणसं?

त्यांनी सरळ विचारलं.

शिंपीणबाई म्हणाल्या, "सगळी एकदमच जातात ना. मागं उरून रडायला कुणी नाही. मला तेवढीच काळजी असते बाई, आमचे हे एकटे पडतील."

ट्रकवाल्याचं उत्तर वेगळं. "तिथं आकडा सांगतात, सिस्टर. अठरा दिवस राहिले, सतरा राहिले. आम्हाला सांगतं का कुणी आकडा? डॉक्टर नुसतं बघू म्हणतात."

"आणि काका, तुम्हाला?"

"मी हिशोब करतो," चावीवाले म्हणाले, "एवढं पाणी सोडायला किती इंची पाइप लागेल."

हे खरं उत्तर नाही, हे सिस्टरना कळलं. पण तेवढ्यात मशीन वाजलं आणि बोलणं राहिलं.

पुढच्या महिन्यात चावीवाल्यांच्या ऑपरेशनची तारीख ठरली. काकू आपली एक किडनी देणार होत्या. तपासण्या जुळल्या होत्या. डॉक्टरांनी एकच अट घातली. "हृदयावर ताण नको. दोन बैठकांच्या मध्ये वजन दोन किलोच्या वर गेलं, तर मी हात लावणार नाही." डायलिसिसच्या माणसाचं दोन दिवसांत वाढलेलं वजन म्हणजे दुसरं काही नसतं, पाणीच असतं. तारखेला बावीस दिवस होते.

"बघा," ट्रकवाला म्हणाला, "तुम्हाला आकडा मिळाला."

सिस्टरना वाटलं, आता या माणसानं आनंदात राहावं. मरणाबिरणाचं बघू नये. शनिवारी त्यांनी पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्ये टाकला आणि घरून आणलेला एक विनोदी सिनेमा लावला. एक मोठं कुटुंब, चार सुना, लग्नाची गडबड. ट्रकवाला कुरकुरला, शिंपीणबाई मात्र पोट धरून हसल्या. चावीवालेही हसले. निदान सिस्टरना तसं वाटलं. त्या कामात होत्या, टीव्हीकडे पाठ होती. म्हणून एक गोष्ट त्यांच्या ध्यानातच आली नाही. त्या सिनेमात दर दहा मिनिटांनी कुणीतरी दारातून आत यायचं, हुश्श करायचं, आणि घरातली सून काचेच्या ग्लासात पाणी घेऊन पुढे व्हायची. ग्लास बाहेरून दवानं भरलेला. पिणारा एका दमात पिऊन "आणखी आण" म्हणायचा.

मंगळवारी चावीवाले चाकाच्या खुर्चीतून आले. पाय सुजलेले, ओठ काळपट, दोन शब्दांत तीनदा दम लागत होता. काट्यावर उभं राहवेना, म्हणून खुर्चीसकट वजन घेतलं आणि खुर्चीचं वजा केलं. पाच किलो शंभर जास्त. फुप्फुसात पाणी चढलं होतं. डॉक्टर धावत आले. त्या दिवशी टीव्ही लागला नाही. चार तास खोलीत नुसता मशीनचा आवाज होता, आणि काकू दाराबाहेर बाकावर ती बाटली दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या. बाटली भरलेलीच होती. रविवारी दुपारी काकू झोपल्या असताना माणसानं बाटलीला हातही न लावता सरळ नळाखाली तोंड धरलं होतं.

जीव वाचला. तारीख गेली. हृदय सावरलं की तीन महिन्यांनी बघू, असं डॉक्टर म्हणाले.

गुरुवारी चावीवाले खुर्चीत बसले आणि पहिलं वाक्य बोलले ते, "सिस्टर, आज लाटेचा लावा हो."

सिस्टरनी लावला. या वेळी मात्र त्या कामाचं निमित्त काढून टीव्हीखालीच उभ्या राहिल्या, पडद्याकडे पाठ आणि तिघांकडे तोंड करून. मागे आवाज वाढत गेला. पाणी उभं राहिलं असावं. तिघांचे डोळे वर वर चढत गेले. आणि लाट कोसळली त्या क्षणी तिघांचेही घसे हलले. शिंपीणबाईंचा, ट्रकवाल्याचा, चावीवाल्यांचा. तिघांनी एकाच वेळी आवंढा गिळला, आणि मग खुर्चीत असे सैल पडले, जसा उन्हातून आलेला माणूस पाणी पिऊन टेकतो.

इतके दिवस सिस्टर मरणाचं कोडं सोडवत होत्या. ही माणसं पाणी बघत होती.

ट्रकवाला झोपल्यावर त्या चावीवाल्यांजवळ स्टूल ओढून बसल्या.

"काका, शनिवारचा तो सिनेमा..."

"त्या सुनेनं घात केला," चावीवाले हळू आवाजात म्हणाले. "घरी गेलो तरी तो ग्लास डोळ्यांसमोरून हलेना. दवसुद्धा दिसत होतं."

"आणि या लाटेनं तहान लागत नाही?"

"ही प्यायची नसते ना." ते म्हणाले. "गढूळ, खारं, त्यात मोटारी, पलंग, दारं. असलं पाणी कोण पिणार? पण बघायला मिळतं. पोटभर. एवढं बघितलं की घरी तो एक ग्लास दिसतो ना समोर, तर मन म्हणतं, असू दे, एवढ्याशानं काय होणार आहे. मी तीस वर्षं पाणी सोडलं, सिस्टर. चावी फिरवली की खाली पाइपात आधी हवा घरघरते, मग पाणी येतं. तो आवाज हाताला कळतो. या सिनेमात लाटेआधी तसाच आवाज आहे. बाकीच्या आठांत नाही."

"माझ्यामुळे तारीख गेली तुमची."

"तुम्ही पाजलंत का मला? नळाला तोंड मी लावलं. तीस वर्षांत पहिल्यांदा." आणि मग नेहमीच्या आवाजात, "आता रडू नका, नाहीतर तेवढंही पाणी बघून मला तहान लागायची."

सिस्टरनी वजनांचं रजिस्टर काढून मागची पानं चाळली. लाटेचा सिनेमा कुठल्या दिवशी लागला होता ते ट्रकवाल्याला पाठ होतं. त्या दिवसांनंतरच्या बैठकीतली वजनं खरोखर कमी दिसत होती. तिघांचीही. राउंडला डॉक्टर आले आणि पडद्यावर बुडणारं शहर बघून म्हणाले, "अहो, हे काय दाखवताय पेशंटना?" तेव्हा सिस्टरनी रजिस्टर पुढे केलं. डॉक्टर हसले. "याला काही शास्त्रीय आधार नाही." पण पान दोनदा वाचलं, आणि टीव्ही बंद करा असं काही म्हणाले नाहीत.

तीन महिने चावीवाल्यांचं वजन एकदाही दोन किलोच्या वर गेलं नाही. हृदय डॉक्टरांच्या मनासारखं झालं. मग पुन्हा दोघांच्या सगळ्या तपासण्या झाल्या आणि काकूंच्या रक्तात साखर निघाली. चांगलीच निघाली. किडनी घेता येणार नव्हती. तीन महिन्यांपूर्वी ती नव्हती, किंवा असेल तर तपासणीत दिसली नव्हती. ते आता कोण सांगणार?

काकू खोलीच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, मला माफ करा."

"कशाबद्दल?" चावीवाले म्हणाले. "तुझी वस्तू तुझ्याकडेच राहिली, बरं झालं. दोघं आजारी पडलो असतो तर बाटल्या कुणी भरल्या असत्या?"

काकू गेल्यावर ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. खाली रस्त्यावर एक जण झाकण उचलून वाकला होता. पाण्याचा होता की तारांचा, वरून कळत नव्हतं. सिस्टर जवळ गेल्या आणि नळी सरळ करून परत आल्या. त्या बैठकीला कुणी सिनेमा मागितला नाही. अकराला दहा कमी असताना शिंपीणबाईच म्हणाल्या, "शेवटचं तेवढं लावा हो. लाटेपुरतं."

त्यानंतर तो सिनेमा किती वेळा लागला याची मोजदाद ट्रकवाल्यानंही सोडली. कुत्रा दर वेळी वाचला. सिस्टर आता उभ्या राहायच्या त्या टीव्हीखालीच, तिघांकडे तोंड करून. त्यांनी स्वतः ती लाट पूर्ण अशी कधी बघितली नाही. त्यांना ती तिघांच्या चेहऱ्यांवरूनच ठाऊक होती.

एका गुरुवारी सात वाजता खिडकीजवळची खुर्ची रिकामी राहिली. साडेआठला काकू एकट्या आल्या. पिशवीतून त्यांनी बाटली काढली आणि सिस्टरच्या टेबलावर ठेवली. लाल रेघा नव्यानं ओढलेल्या होत्या. पाणी तिसऱ्या रेघेपर्यंत होतं, दुपारी चारला जेवढं असायला हवं तेवढंच.

"ओतून टाकायला मन होईना," काकू म्हणाल्या. "तुम्हीच काय ते करा."

ट्रकवाल्यानं रिमोट उचलला होता, तो खाली ठेवला.

चावीवाले गेले ते बुधवारी, दुपारी चारच्या सुमाराला, घरी, खुर्चीत बसल्या बसल्या. सिस्टरची भाची बालवाडीत जायला लागली, त्या वर्षी. आदल्या दिवशी काट्यावर त्यांचं वजन एक किलो चारशे वाढलेलं होतं.