टाचेला धरलं की झालं

मी एक जुना लॅपटॉप आहे, आणि मित्रांनो, हे मी मान खाली घालून सांगत नाही. माझी एक बिजागरी करकरते, बॅटरीने केव्हाच राम म्हटला आहे, त्यामुळे भिंतीतल्या विजेला चिकटूनच माझे दिवस जातात. पण माझ्या डाव्या कुशीला एक रुंद, आडवी खाच आहे. तिच्यात कार्ड बसवले की मला नवे पोर्ट मिळते. आजकालच्या सडपातळ लॅपटॉपांना जन्मतः जे मिळाले तेवढ्यावरच भागवावे लागते. मला हवे ते जोडून घेता येते. आता सांगा, तोरा मिरवायचा नाही तर काय करायचे?

माझ्या मालकिणीने माझ्यावरच शिक्षण पूर्ण केले. तेव्हा तिच्या मैत्रिणी मला बघायला घरी येत असत. पुढे तिला नवा लॅपटॉप मिळाला आणि माझी रवानगी कपाटाच्या तळाशी झाली. माझ्या पाठीवर कोणीतरी इस्त्री ठेवली होती. ज्या पाठीवर तिची परीक्षा पार पडली त्या पाठीवर इस्त्री! मला फार वाईट वाटले. तरी लग्न होऊन सासरी जाताना तिने मला मागे सोडले नाही, एवढे खरे.

तिचे सासरे बूट बनवतात. गल्लीत सगळे त्यांना बूटकाका म्हणतात. कुणाचा पाय वाकडा, कुणाचा आखूड, कुणाच्या टाचेला नाजूक जखम. अशा पायांचे बूट ते करतात. रस्त्याकडेच्या खोलीत लाकडी साचे टांगलेले असतात आणि कोपऱ्यात एक काळी पाटी असते. तिच्यावर उभे राहिले की पावलाचा भार कुठे जास्त पडतो ते पडद्यावर दिसते. त्या पाटीचा संगणक एके दिवशी बंद पडला तो पडलाच.

नेमके तेव्हाच टपालवालीचे काम आले. अपघातानंतर तिचा एक पाय आखूड झाला होता. सोमवारी पिशवी घेऊन पूर्ण फेरी चालून दाखवली तर तिचे काम तिला परत मिळणार होते. नाहीतर टपालाची वर्गवारी करायच्या खोलीत कायमची खुर्ची.

"त्या खोलीला खिडकीसुद्धा नाही हो काका," ती म्हणाली. "मी वेडी होईन तिथे."

भाराचे माप घेतल्याशिवाय बूट जमणार नव्हता. पाटीचा जुना प्रोग्राम नव्या लॅपटॉपवर चालेना, म्हणून माझ्या मालकिणीने, काकांच्या सूनबाईने, मला काढले, पुसले, आणि मी पहिल्याच फटक्यात सुरू झालो! पण पाटीच्या वायरीला नऊ पिनांचे पोर्ट लागे आणि ते माझ्याकडे नव्हते. तिने आधी यूएसबीवर चालणारा जोड आणून पाहिला. त्यातून मापे निम्मी येत आणि निम्मी वाटेतच गळत. मग तिची नजर माझ्या खाचेवर गेली.

"माप घ्यायचं काम माझं," असे म्हणून काकांनी कागदाच्या पट्टीवर खाचेची रुंदी उतरवली, पेन्सिल कानावर अडकवली आणि जुन्या सामानाच्या दुकानातून तंतोतंत त्या रुंदीचे कार्ड आणले. पण मित्रांनो, कार्डांच्या दोन पिढ्या असतात आणि हे आधीच्या पिढीतले होते. रुंदी सारखी, आतले जोड निराळे. ते निम्मे शिरले आणि अडले.

"जरा घट्ट आहे. दाबून बसवू, वापरून सैल होईल," काका म्हणाले आणि त्यांनी अंगठा लावला.

माझा जीव टांगणीला लागला. काका, चामडे सैल होते, मी चामड्याचा नाही!

"अहो बाबा, थांबा, मोडेल तो!" सूनबाईने त्यांचा हात धरला.

माझ्या पोटावरचा मॉडेल नंबर बघून तिने माझ्या पिढीचे कार्ड मागवले. शनिवारी ते आले. नऊ पिनांचे पोर्ट होते, सगळे काही होते, पण कार्ड अरुंद. खाचेत एका बाजूला चांगली फट राहू लागली. काकांनी नाक मुरडले.

"बापाच्या बुटात पोराचा पाय! सैल बूट चावतो, सूनबाई. परत पाठव हे."

"बाबा, या खाचेत रुंद आणि अरुंद दोन्ही चालतात. तशीच केलीय ती."

"मी जन्मात सैल माल बसवला नाही आणि बसवणारही नाही."

सासरा हटेना, सून हटेना आणि सोमवार उंबऱ्याशी येऊन बसलेला. शेवटी पाटीजवळच्या स्टुलावरून टपालवाली बोलली.

"काका, मागे तुम्हीच मला सांगितलंत ना, की बुटाने टाच धरली की झालं, बोटांना जागा असली तरी चालते? मग याची टाच कुठाय ते बघा की आधी."

चष्मा वर ढकलून काकांनी खाचेत डोकावून पाहिले. जोड अगदी आत, एका कडेला होते. त्यांनी कार्ड त्या कडेला लावून हलकेच सरकवले. खट्! कार्ड बसले. टपालवाली पाटीवर उभी राहिली आणि तिच्या दोन्ही पावलांचा भार, एकही आकडा न गळता, माझ्या पडद्यावर उमटला. अभिमानाने माझा पंखा घरघरू लागला.

तरी काका ते काकाच. वायर हलली की कार्डही हलते, हे त्यांना बघवेना. त्यांनी मऊ चामड्याची पट्टी कापून त्या फटीत अलगद बसवली. जगात किती लॅपटॉपांना बूट मिळाला असेल, सांगा बरे!

मित्रांनो, माझे मागणे थोडेच आहे. जुने यंत्र भंगारात देण्याआधी त्याच्या कुशी चाचपून बघा. त्यात काही बसवायचे असेल तर आधी त्याची पिढी विचारा, मग माप घ्या, आणि अंगठ्याचा जोर तेवढा लावूच नका. इथेच थांबलो असतो, पण परवाचे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

परवा दुपारी टपालवाली दारात आली, खांद्यावर भरलेली पिशवी घेऊन. काकांनी पत्रे घेतली आणि स्टूल पुढे सरकवले.

"दमली असशील. बस की घटकाभर."

"ऑफिसवाले मला कायमचं बसवायलाच निघाले होते ना, काका!" ती हसली. "आता नाही बसत."

ती पायऱ्या उतरून गेली. गल्लीच्या टोकापर्यंत मी ऐकत होतो. दोन्ही पावलांचा आवाज अगदी सारखा येत होता.