ठकूची फाईल

मी एक फाईल बोलतेय. निळ्या प्लॅस्टिकची, आत पारदर्शक पानं, कडेला टिक्‌ वाजणारं बटण. माझ्यावर जाड पेनानं एक नाव लिहिलं होतं, ते आता पुसट झालंय. घरात त्या नावानं कुणी हाक मारतच नाही. तिला सगळे ठकू म्हणतात, म्हणून मी ठकूची फाईल.

माझ्या जन्मात सांगण्यासारखं काही नाही. कारखान्यातून माझ्यासारख्या हजारो जणी रोज बाहेर पडतात. बरोबरच्या कुणाच्या पोटात घराचे कागद गेले असतील, कुणाच्या पोटात परीक्षेची प्रमाणपत्रं. मला एका दुकानात एका बाईनं उचललं, बटण दोनदा उघडून-मिटून पाहिलं आणि विचारलं, "जास्त कागद मावतील अशी नाही का?"

"कशासाठी हवीय ताई?"

"अजून माहीत नाही," ती म्हणाली.

ती ठकूची आई. कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणाच्या मशीनवर काम करायची. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. नुसत्या आवाजावरून लिफ्टचं दुखणं ओळखायचे. ठकू तेव्हा अडीच वर्षांची होती. दीड वर्षाची असताना ती 'पाणी', 'दिवा', 'आजी' असे आठ-दहा शब्द बोलायची. मग ते एकेक करून गेले. 'दिवा' सगळ्यात शेवटी गेला. कुठला शब्द कधी गेला ते आईनं डायरीच्या एका पानावर तारखांसकट लिहून ठेवलं होतं. माझ्या पोटात पहिलं गेलं ते हेच पान.

दुसरा कागद लहान मुलांच्या डॉक्टरांचा. त्यांनी ठकूचं वजन केलं, घसा पाहिला. आईनं डायरीचं पान पुढे केलं, ते त्यांनी उलटंच धरलं आणि परत दिलं. "काही मुलं उशिरा बोलतात हो," म्हणाले आणि लिहिलं : थांबून पाहू.

आजी खूश झाली. "हिचा काका चार वर्षांचा होईस्तोवर मुका होता. आता बघा, जेवतानासुद्धा तोंड बंद होत नाही." सगळे हसले. आईसुद्धा हसली, थोडीशी.

सहा महिने थांबून झालं. मग वर्ष झालं. ठकू हाकेला वळायची नाही, मिक्सर लागला की कानांवर हात ठेवून किंचाळायची. मग कान तपासले. एका बंद खोलीत, काचेपलीकडे. कागदावर आलं : दोन्ही कान उत्तम.

बाहेरच्या बाकावर बसून आई रडायला लागली.

"अगं, चांगलंच झालं ना? रडतेस काय?" बाबा म्हणाले.

"कान बिघडलेले असते तर मशीन तरी लावता आलं असतं."

बाबा माझं बटण नीट लावत बसले.

ठकू पाच वर्षांची झाली आणि शाळेनं बुद्धीच्या चाचणीचा दाखला मागितला. परीक्षा घेणाऱ्या सरांच्या खोलीत पंखा करकरत होता. पंचवीस मिनिटांत सगळं आटोपलं. सर विचारायचे, "चेंडू कुठे आहे? दाखव बरं." ठकू कान झाकून पंख्याकडे बघत होती. सर शून्य लिहायचे आणि पुढचं विचारायचे.

"सर, बोललेलं तिला लगेच कळत नाही," आई म्हणाली. "पंखा बंद केलात तर... घरी ती आकडे ओळखते. लिफ्टमध्ये सातवा मजला म्हटलं की सातच दाबते."

"ताई, प्रत्येक आईला आपलं मूल हुशारच वाटतं."

बुद्ध्यांक अडतीस, असं त्यांनी लिहिलं. सही केली, शिक्का मारला. माझ्या पोटात बरेच कागद होते, पण शिक्का असलेला हा पहिलाच. आणि लोक शिक्का आधी वाचतात.

त्या कागदामुळे शाळेनं ठकूला मागच्या खोलीत बसवलं. तिथे अठरा मुलं आणि एक मावशी. मावशी वाईट नव्हती; तिला दोनच हात होते. दाराला बाहेरून कडी असायची. ठकू त्या खोलीत एकच गोष्ट शिकली, स्वतःचं मनगट चावायला.

आईनं हार मानली नाही. मुलांच्या वाढीची नीट तपासणी करणारं एक केंद्र आहे असं कारखान्यातल्या मैत्रिणीनं सांगितलं. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन तिनं नाव नोंदवलं. तारीख मिळाली चौदा महिन्यांनंतरची. त्या दिवशी तिघं सकाळीच पोहोचली. मी ठकूच्या मांडीवर होते. खिडकीतल्या बाईंनी चिठ्ठी पाहिली.

"ही एक वर्षच चालते. नवी आणा, मग नवी तारीख."

"अहो, पण चौदा महिन्यांनंतरची तारीख तुम्हीच दिलीत ना?"

"मी नाही दिली. कॉम्प्युटर देतो."

बाबांना आवाज चढवताना मी कधी पाहिलं नव्हतं. तेव्हाही तो चढला नाही. "बाई, लिफ्टमध्ये माणूस अडकला आणि मी तासाभरात पोहोचलो नाही, तर माझी नोकरी जाते. इथे माझी पोर अडकलीय. पाच वर्षं."

बाईंनी मान खाली घातली. "माझ्या हातात काही नाही हो दादा."

नव्या चिठ्ठीवर नवी तारीख मिळाली, ती कुणीतरी पुढे ढकलली. आत जायला मिळालं तेव्हा ठकूला नऊ वर्षं पूर्ण होऊन पाच महिने झाले होते.

आत वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आधी गुणगुणणारी ट्यूबलाइट बंद केली, मग चपला काढून जमिनीवर बसल्या. तासभर ठकूला एकही प्रश्न नाही. समोर चित्रांची कार्डं पसरली. बऱ्याच वेळानं ठकूनं पाण्याच्या पेल्याचं कार्ड उचललं आणि बाईंच्या हातात दिलं. त्यांनी लगेच पाणी दिलं. ठकू प्यायली. मग पुन्हा तेच कार्ड. पुन्हा पाणी. तहान नव्हती तिला. हे खरंच असं चालतं का, ते बघत होती. आठ पेले झाले. आई पदर तोंडावर दाबून बघत होती.

मग बाईंनी मला उघडून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. असं आजवर कुणी केलं नव्हतं. डायरीच्या पानावर त्या थांबल्या.

"हे कुणी लिहिलंय?"

"मी."

"स्वमग्नता आहे. पंख्याखाली मोजलेला तो आकडा मी धरणार नाही. तुम्ही सगळं लिहून ठेवलं होतंत, ती अडीच वर्षांची असतानाच."

"आता बरी होईल?" बाबांनी विचारलं.

"हा आजार नाही, बरा व्हायला. तिला शिकवता येईल. पण तेव्हा सुरुवात झाली असती तर..."

आई रडली नाही. रस्त्यावर आल्यावर एवढंच म्हणाली, "मी बरोबर होते. चुकले असते तर बरं झालं असतं हो."

चित्रांनी शिकवणाऱ्या तीनच शाळा निघाल्या. पहिल्या दोन शाळांनी तो जुना शिक्क्याचा कागद पाहिला आणि मला परत दिलं. तिसऱ्या शाळेत दहा वर्षांच्या आतच प्रवेश मिळतो. तिथल्या कारकूनबाई म्हणाल्या, "जुना अहवाल एक सांगतो, नवा दुसरंच. समिती बसेल, ती ठरवेल. फाईल ठेवून जा."

आईनं मला टेबलावर ठेवलं, पण हात काढायला तिला वेळ लागला. शेजारी ठकू उभी होती. तिच्या मनगटाला पट्टी होती आणि नजर कुणाकडेच नव्हती.

त्याला सात आठवडे झाले. समितीतले एक जण परगावी आहेत, एक आजारी आहेत. दर सोमवारी फोन वाजतो आणि कारकूनबाई म्हणतात, "अजून नाही ताई." आता तर हॅलोच्या आधीच म्हणतात.

समितीवाल्यांनो, माझं ऐकणार असाल तर एकदा बसा. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा, पण म्हणा. या घरानं नकार पुष्कळ पचवलेत. थांबायला मात्र आता त्यांच्याकडे दिवस उरले नाहीत.

शनिवारी ठकूला दहा वर्षं पूर्ण होतात. आज गुरुवार आहे आणि उद्या कार्यालयाला सुट्टी. चार वाजत आलेत, कारकूनबाई पर्स आवरतायत.