मेलेल्यांचा होकार

पॅरिसच्या त्या बंद पडलेल्या मेट्रो स्टेशनात सगळी गल्ली उतरली होती. फलाटावर एकच मेणबत्ती, आणि तिच्यामागे डोळे मिटलेला मस्यू आन्सेल्म. युद्धात इथे आसऱ्याला येऊन मेलेल्यांना हा गृहस्थ बोलवायचा, आणि ज्योत वाकली की ते 'हो' म्हणाले असं समजायचं. मागच्या बैठकीत ती वाकली तेव्हा म्हाताऱ्या ओदिलने युद्धात गेलेल्या आपल्या रेमीदादाला ओळखलं होतं.

तिची मुलगी सोलांज, शाळेत विज्ञान शिकवणारी, आतल्या आत धुमसत होती. वरच्या दालनात बेघर माणसं हिवाळा काढत. एका बिल्डरला तिथे रेस्टॉरंट काढायचं होतं, आन्सेल्म त्याचाच माणूस, आणि आज गल्लीने हात वर करून त्याचा निकाल लावायचा होता.

"मोठ्यानं गा, त्यांना वाट सापडू दे," आन्सेल्म घोगऱ्या आवाजात म्हणाला. "पुण्यात्म्यांनो, वर रेस्टॉरंट व्हायला तुमची हरकत नाही ना?"

लोक घसा फोडून गायले. ज्योत सरळ. पुन्हा गायले. ज्योत ढिम्म.

"रुसलेत," आन्सेल्म कपाळ पुसत म्हणाला.

"रुसले नाहीत, संपावर आहेत," सोलांज पुढे आली. "तुम्ही सकाळपासून इथे ध्यानाला बसलात, म्हणून तुम्हाला पत्ता नाही. दुपारी मेट्रोच्या एका ड्रायव्हरला कुणीतरी मारहाण केली, तेव्हापासून संप आहे, गाड्या बंद आहेत." ती लोकांकडे वळली. "या भिंतीपलीकडे चालू रूळ आहेत. गाडी बोगद्यातली हवा पुढे ढकलते, ती या जाळीतून येते आणि ज्योत वाकते. पायाखाली हादरा जाणवला की हे प्रश्न विचारतात. खडखडाट ऐकू येऊ नये म्हणून तुम्हाला गायला लावतात."

आन्सेल्म सामान आवरू लागला.

"म्हणजे त्या दिवशीही रेमी आला नव्हता?" ओदिलने विचारलं.

"नाही गं, आई."

ओदिल रडू लागली. सोलांजला स्वतःचाच राग आला.

तेवढ्यात कोपऱ्यावरचा बेकरीवाला गास्पार म्हणाला, "चला, बरं झालं. भुतंच नाहीत म्हटल्यावर हरकत कुणाची? होऊ दे रेस्टॉरंट."

भराभर हात वर झाले. गर्दीत ओदिलचा तेवढा खाली राहिला.

"हवेच्या झोताला तुम्ही देव मानलंत, तो उघडा पडला तरी डोकं वापरायचं नाहीच," सोलांज म्हणाली. "मेलेल्यांना विचारायला इतक्या पायऱ्या उतरलात. वरच्या दालनात जिवंत माणसं बसलीत. जाताना त्यांना तरी विचारा."

लोक खाली मान घालून, काही न विचारता, त्या बेघरांच्याच समोरून घरी गेले.