माझ्या पायाखालचा नकाशा

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. अलास्कातल्या एका स्वयंपाकघरात, खिडकीशेजारच्या फळीवर माझं बिऱ्हाड आहे. अंग लोखंडी, ताटली पितळी, तोंडावर गोल तबकडी आणि मागचा उजवा पाय झिजलेला. मी रागात आहे. पण आत्मवृत्तात आधी जन्म सांगायची पद्धत आहे, म्हणून तो उरकून घेतो.

कारखान्यातून निघालो, आगबोटीने उत्तरेला आलो आणि डोरीनच्या आईने मला घरात घेतलं. मी पीठ तोललं, ब्लूबेरी तोलल्या, धुरावलेला साल्मन मासा तोलला. बारा दिवसांची डोरीनसुद्धा माझ्याच ताटलीत निजली होती. सात पौंड दोन औंस. "हा काटा खोटं बोलत नाही," असं तिची आई शेजारणींना सांगायची. तेवढं एक कौतुक मला जन्मभर पुरलं.

पुढे डोरीनने आर्व्हिडशी लग्न केलं. आर्व्हिडला डोंगरातल्या पांढऱ्या रानमेंढ्यांच्या शिकारीचं वेड, तेही एकट्याने. ज्या एडक्याच्या शिंगांचा वेढा वळत वळत पूर्ण गोल भरला असेल तोच मारायचा, असा तिकडचा कायदा. एका एडक्यावर आर्व्हिड चार वर्षं दुर्बिणीतून नजर ठेवून होता. गेल्या ऑगस्टपर्यंत वेढा भरणार होता. मार्चपासूनच त्याने माझा ताबा घेतला.

एकटा माणूस, दहा दिवस, सगळं सामान पाठीवर. येताना मांस आणि शिंगंही पाठीवरच. त्यामुळे त्याची प्रत्येक वस्तू माझ्यावरून गेली. दात घासायच्या ब्रशची दांडी कापली. चमच्याची कापली. सदऱ्याचं लेबल उसवलं. बदाम मोजून दिवसागणिक पुड्या बांधल्या.

"औंसाऔंसानं पौंड भरतो," तो म्हणायचा.

"पोटावरचे पंचवीस तेवढे घरी ठेव," डोरीन म्हणाली. "बाकी सगळं ने."

विमानातून दिसावं म्हणून तिने पिशवीत भडक नारिंगी कापड घातलं. सहा औंस. त्याने काढलं. तिने परत घातलं. त्याने परत काढलं.

मग नकाशा आला. टेबलभर पसरणारा. आर्व्हिडने तो घडी घालून माझ्यावर ठेवला. काटा जेमतेम हलला. "हा म्हातारा झालाय," तो माझ्याबद्दल म्हणाला, आणि आपल्याला हवी ती एकच दरी कात्रीने चौकोनी कापून खिशात घातली. उरलेला नकाशा घडी करून माझ्या झिजलेल्या पायाखाली सारला. मी डुगडुगतो, म्हणे.

आता राग कशाचा ते ऐका. जाताना त्याने फ्रिजवर चिठ्ठी लावली: 'हॉर्सशू ओढा. एकोणीस ऑगस्टला परत.' ती चिठ्ठी डोरीनसाठी नव्हतीच. डोरीनचा भाऊ वेंडेल, तोही मेंढ्यांचा शिकारी, रोज कॉफीला यायचा. त्याने वाचून फसावं म्हणून ती होती. हे शिकारी घराची किल्ली शेजाऱ्याकडे देतील, पण आपल्या दरीचं नाव सख्ख्या भावाला सांगणार नाहीत. आर्व्हिडने तर गाडीसुद्धा हॉर्सशू ओढ्यापाशी लावली, आणि तिथून रस्त्याने सहा मैल चालत भलतीकडून डोंगरात शिरला. ब्रशची दांडी कापणारा माणूस सहा मैल फुकटचे चालला. मी औंस तोलतो, अक्कल नाही.

एकोणीस तारीख गेली. वीस गेली. एकवीसला पोलिसांचं विमान उडालं, गाडी सापडली आणि सगळं गाव हॉर्सशू ओढा विंचरू लागलं. वेंडेलचा तर हाका मारमारून आवाज बसला. डोरीन फोनजवळ खुर्ची घेऊन बसलेली असायची. आणि मी खऱ्या पत्त्यावर उभा होतो. मला तबकडी आहे, काटा आहे. जीभ तेवढी नाही.

चोवीस तारखेला शोधणाऱ्यांसाठी पाव भाजायचे म्हणून डोरीनने मला टेबलावर घेतलं. मी डुगडुगलो. जन्मात कधी इतका डुगडुगलो नव्हतो. ती फळीवरची घडी आणायला गेली आणि सवयीने उलगडून पाहिली. मधोमध चौकोनी भोक.

वेंडेलने आपला अख्खा नकाशा आणून त्याखाली धरला. भोकातून एक दरी वर आली.

"लबाड," वेंडेल घोगऱ्या आवाजात म्हणाला. "अकरा वर्षं हा मला सांगतोय, तिथं नुसती अस्वलं आहेत."

"शिव्या वाटेत दे. आधी निघ."

आर्व्हिड दुसऱ्या दिवशी त्याच दरीत सापडला. दगडांच्या घसरणीवर घोटा मोडून आठ दिवस तंबूत पडून होता. शेवटचे बदाम अर्धे अर्धे करून खाल्ले होते. एडका रोज समोरच्या उतारावर येऊन चरत होता. आणि डोंगरापलीकडे, हॉर्सशू ओढ्यावर घिरट्या घालणाऱ्या विमानाचा आवाज त्याला रोज ऐकू येत होता.

घरी आणून खुर्चीत बसवल्यावर त्याचा पहिला प्रश्न: "वेंडेलला कुणी सांगितलं?"

 डोरीनने मला ओट्यावर इतक्या जोरात ठेवलं की माझा काटा दोन पौंडांवर जाऊन आला.

आता पुन्हा मार्च आलाय. घोटा जुळलाय. परवा आर्व्हिडने नवा ब्रश आणला आणि करवत शोधू लागला. डोरीनने त्याच्यापुढे कागद आणि पेन्सिल ठेवली.

"लिही. या वेळी खरं."

"वेंडेल वाचेल."

"वाचू दे. तुला शोधायला तोच येतो."

त्याने पेन्सिलीला टोक काढलं. मग त्याने लिहिलं. डोरीनने तो कागद माझ्या ताटलीत ठेवला.

"किती भरला?"

आर्व्हिडने तबकडीकडे पाहिलं. "काहीच नाही."

"मग एवढ्यासाठी माझा जीव पाच दिवस टांगणीला लावलास?"

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, असं शेवटी सांगायचा आमच्यात रिवाज आहे. राखा. पाय झिजला असेल तर लाकडाची चकती द्या, नकाशा देऊ नका. आणि दूर निघालात तर घरच्यांजवळ खरा पत्ता ठेवून जा. मी तोलून पाहिलाय. काटा हलत नाही.