मोगऱ्याचा मुक्काम

मागची खोली काकूंची राहणार की जाणार, ते आज ठरायचं होतं. तिथं त्या रिठ्याचा शांपू करत. पार्लरवाल्या बाईंनी तो पसंत केला तर खोली काकूंची, नाहीतर काकांच्या कॅरमची, असा घरातला करार. काकांनी बोर्ड पुसूनही ठेवला होता.

काकांना आपल्या नाकाचा भारी अभिमान. सकाळी त्यांनी बाटली हुंगली आणि मोगरा कुठं पळाला म्हणून विचारलं. पळाला नाही, मुक्कामाला बसलाय, असं काकूंनी समजावलं. सुगंधी तेलाला पाण्यात करमत नाही. मग रिठ्यातले फेसाळ कण त्याला लेकरासारखं पोटाशी धरतात आणि धुताना भरपूर पाणी पडलं की मोकळं सोडतात. काकांनी मान डोलावली. मान डोलावणं आणि पटणं यांत काकांच्या बाबतीत बरंच अंतर असे.

दुपारी बाई आल्या. काकूंनी बाटली उपडी केली तर शांपू ताकासारखा पातळ आणि गढूळ. बाईंनी तो हातावर चोळला, वर पाणी घेतलं आणि सात शिंका दिल्या. खिडकीतली मांजर उठून चालती झाली. बाईंनी डोळे पुसत पर्स उचलली.

काकू कपाटाकडे धावल्या. प्रत्येक घाण्यातली एक बाटली त्या काढून तिथं कुलपात ठेवत.

"ताई, एवढी एकदा बघा," त्या म्हणाल्या.

या वेळी पाणी पडलं तसा मोगरा हळूच आला, शेजारून कुणी गजरा माळून जावं तसा. बाईंनी पर्स खाली ठेवली. हात पुन्हा हुंगला, मग आणखी एकदा, आणि दरमहा तीस बाटल्या सांगून गेल्या.

काकू वळल्या. "घाण्यात मोगऱ्याचं तेल किती ओतलंत?"

"बाटलीतच वास येईपर्यंत. निम्मी शिशी."

"खोली हवी होती ना तुम्हाला? मग गप्प बसायचं होतं."

काका बोर्डाकडे बघत म्हणाले, "हवी होती गं. पण तू तोंड पाडून बसलीस, तर माझी सोंगटी भोकात जाणार आहे का?"

काकूंना हसू आवरेना. बोर्डाला त्यांनी व्हरांड्यात जागा दिली, आणि बिघडलेला सगळा घाणा काकांच्या डोक्याला. पाण्याखाली मोगरा सुटे, तो संध्याकाळपर्यंत सुटतच राही. चौथ्या दिवसापासून काकांचे सोबती वाऱ्याची दिशा बघून बसू लागले.