माझा तोरा उतरला तो दिवस

मी एक जुना इंग्रजी शब्द आहे. वूलगॅदरिंग माझे नाव. त्याचा साधा अर्थ लोकर वेचणे. पण समोर कुणी बोलत असताना तुमचे मन भलतीकडे भटकू लागले, की माझ्या नावाने तुमची थट्टा होते.

मित्रांनो, माझा जन्म यॉर्कशरच्या कुरणांतला. मेंढ्या काटेरी कुंपणाला घासून गेल्या, की लोकरीचे पुंजके अडकून राहत. ते वेचत गरीब बायका दिवसभर इकडून तिकडे फिरत. लांबून बघणाऱ्याला त्या रिकामटेकड्या वाटत. तेव्हापासून मी टोमणा झालो. मास्तरांनी मला वापरले, सासवांनी वापरले, आणि खरे सांगतो, मला त्याचा मोठा तोरा होता.

तो उतरवला थॉमसिन ऑल्डरसन या विधवेने. रूबेन फॉसेटच्या कुरणात लोकर वेचायची आणि तिचे मोजे विणून हिवाळा काढायचा, असे तिचे चाले. एका वसंतात कुंपणावर इतकी लोकर लटकली होती, की तिचे पोते तासाभरात भरले. दुसरी कुणी हरखून गेली असती. ही मात्र पुंजका हातात धरून तशीच उभी राहिली.

"काय काकू, गेलं वाटतं मन लोकर वेचायला!" रूबेन हसला.

"माझं राहू दे, तुझं कुठंय? अंग घासून घासून मेंढ्या सोलवटल्यात. खरूज आहे ही."

"छे! परवा जत्रेत विकायच्यात मला. भलतंसलतं बोलू नकोस."

"मग त्यांच्या अंगावरची लोकर बाजूला करून बघ की एकदा!"

त्याने बघितले आणि त्याचा चेहराच पडला. रोग अजून पाच मेंढ्यांपुरता होता. त्या वेगळ्या काढल्या म्हणून बाकीचा कळप वाचला. पण रोग लोकरीतूनही पसरतो, म्हणून कुंपणावरची सगळी लोकर जाळावी लागली. थॉमसिनने आपले भरलेले पोतेही स्वतःच्या हाताने आगीत टाकले. तोंड उघडण्याआधीच तिला हे ठाऊक होते, तरी ती बोलली. मित्रांनो, मला माझीच लाज वाटली. केवढे लक्ष होते त्या बाईचे, आणि केवढे मन!

मेंढ्यांची लोकर कातरायच्या दिवशी ती पुन्हा कळपाकडे बघत थबकली. एका गड्याने माझे नाव घ्यायला तोंड उघडले.

"गप रे!" रूबेन म्हणाला. हातातली कात्री ठेवून तो तिच्याजवळ गेला. "काय दिसलं, काकू?"

मित्रांनो, मला खुशाल वापरा. फक्त त्याआधी एवढे विचारत जा.